दट्ट्याची कॉफी आणि थेंबांची कॉफी

मराठीत कॉफी ‘करतात’. स्वयंपाक करतात, लग्न करतात, कर्जही करतात; त्यामुळे ‘कॉफी केली’ म्हटल्याने भांड्यात नेमके काय घडले याचा काही बोध होत नाही. बहुतेक घरांत जे घडते ते असे : दूध शेगडीवर चढते, त्यात साखर पडते, डब्यातली तपकिरी पूड चमचाभर पडते, वरून जायफळ किसले जाते आणि उतू जाण्याच्या बेतात पातेले खाली उतरते. हे पेय वाईट लागते असे माझे मुळीच म्हणणे नाही. थंडी-पडशाच्या दिवसांत तर ते फार बरे वाटते. पण त्याचा चांगुलपणा बराचसा दुधाचा आणि जायफळाचा असतो. कॉफी तिथे पाहुणी म्हणून आलेली असते आणि नव्या पाहुणीसारखी कोपऱ्यात गप्प बसून असते.

जिला खरोखर कॉफी म्हणावे ती घरी करण्याच्या रीती मुख्यतः दोन. एकीत भुकटी गरम पाण्यात मुरत ठेवतात, मग तिला तळाशी दाबून धरतात आणि वरचे पाणी पेल्यात ओतून घेतात. दुसरीत भुकटी जागच्या जागी राहते आणि पाणीच तिच्यातून थेंबथेंब पाझरून खाली येते. पहिलीला हल्ली सगळे ‘फ्रेंच प्रेस’ म्हणतात. दुसरीला ‘ड्रिप’, किंवा दक्षिणेकडच्या ओळखीने ‘फिल्टर’. या सदरातून घरातल्या पुष्कळ वस्तूंची आजवर चौकशी झाली आहे. यंदा फराळाच्या ताटाशेजारी ही दोन भांडी मांडावीत असे ठरवले, याचे कारण त्यांचे भांडण गेले वर्षभर आमच्याच घरात चालू आहे, आणि ते नुसत्या चवीचे राहिलेले नाही.

आमचे आंधळगाव भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले. कोशाचे कापड ज्यांनी अंगावर घातले आहे त्यांना आमचे काम ठाऊक असते, गाव ठाऊक असतेच असे नाही. घर विणकराचे. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते अजून मागावर बसतात. मी धाकटा म्हणून शिकलो आणि मराठी शिकवतो. दादांचा मुलगा पुण्याला नोकरीस आहे. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, की आईबाबांसाठी फ्रेंच प्रेस पाठवली आहे, दोन दिवसांत घरपोच येईल. वहिनींना अतिशय आनंद झाला. आमच्या विदर्भात प्रेस म्हणजे कपड्यांची इस्त्री, आणि घरातली जुनी इस्त्री नेमकी पोळा झाल्यापासून बिघडलेली. खोके उघडले तेव्हा आतून एक काचेचे उभे भांडे, त्यावर झाकण, झाकणातून आत जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळीची चकती असा ऐवज निघाला. वहिनींनी दांडा दोनदा वरखाली केला आणि विचारले, “हे काय जी? म्हशीले इंजेक्शन देवाचे काय?”

भांड्याच्या यंत्रविद्येचे याहून अचूक वर्णन मला करता आले नसते. पिचकारी, सिरिंज आणि हे भांडे, तिघांचे तत्त्व एकच. मराठीत त्या दांड्याला दट्ट्या म्हणतात. एखाद्याच्या मागे दट्ट्या लावणे हा आपला जुना वाक्प्रचार आहेच. इथे तो कॉफीच्या मागे लावायचा.

‘फ्रेंच’ हे विशेषण मात्र अर्धेच खरे. १८५२ साली मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी पॅरिसमध्ये अशा भांड्याचे पेटंट घेतले होते, हे बरोबर. परंतु कडेला घट्ट बसणारी चकती असलेले रूप त्याला आले ते १९२९ साली, इटलीत, मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांच्या पेटंटातून. पुढे १९५८ साली बोंदानिनी नावाच्या आणखी एका गृहस्थाने त्यात सुधारणा केली, ती भांडी फ्रान्समधल्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि नाव फ्रान्सच्या पदरात पडले. उलट, भुकटीवर पाणी ओतून ते खाली पाझरू द्यायचे भांडे पॅरिसमध्ये १८०० च्या सुमारासच आले होते, आणि त्याचे श्रेय तिथले आर्चबिशप दे बेल्वा यांना देण्याची रीत आहे. म्हणजे नुसता फ्रेंचपणाच मोजायचा तर थेंबांची कॉफी थोरली आणि दट्ट्याची धाकटी.

आता कृती. प्रेसला जाड दळलेली कॉफी लागते, लापशी रव्याहून थोडी बारीक. अर्धा लिटर पाण्याला तीस ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या चमच्याने सपाट मोजून पाच-सहा चमचे. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे; खळखळते पाणी थेट ओतू नये. ओतल्यावर एकदा ढवळावे, झाकण ठेवावे, चार मिनिटे हात लावू नये आणि मग दट्ट्या सावकाश खाली न्यावा. खाली नेल्यावर कॉफी तशीच भांड्यात ठेवून वर्तमानपत्र वाचत बसू नये, कारण दाबलेली भुकटी काही मेलेली नसते; ती तळाशी बसून आपला कडवटपणा पाण्यात सोडतच राहते.

हे चार मिनिटांचे प्रकरण आमच्या वहिनींना जितके लवकर समजले तितके मला समजले नव्हते. कारण त्यांचा सारा जन्म कोसे उकळण्यात गेला आहे. ढिवर मंडळी ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसतात, त्यांचे कोसे आमच्याकडे येतात, आणि ते सोड्याच्या पाण्यात उकळल्यावाचून धागा सुटत नाही. कमी उकळले तर डिंक सुटत नाही, धागा ओढताना तुटतो. जास्त उकळले तर सारा कोसा भुसकट होतो. किती वेळ, हे घड्याळ सांगत नाही, बोटे सांगतात. कॉफीतही हेच आहे. पाण्यात आधी आंबटपणा आणि वास उतरतो, मग गोडवा, आणि सगळ्यांत शेवटी तुरट-कडू भाग. कमी मुरली तर पाणचट आंबट, अती मुरली तर काढा. वहिनींनी पहिल्या आठवड्यातच घड्याळ बाजूला ठेवले. वर तरंगणारा फेस फुटून खाली बसू लागला की त्या दांडा दाबतात, आणि मी चोरून मोजले तर चार मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे पंधरा सेकंद.

पण पहिले आठ दिवस गेले ते कृतीपायी नव्हे, पुडीपायी. आमच्या गावच्या किराणा दुकानांत मिळते ती पाण्यात विरघळणारी झटपट कॉफी. तिला गाळण्याचा प्रश्नच येत नाही. दळलेली कॉफी आणायची तर नागपूर गाठावे लागते, आणि तिथेही पाकिटात जी सहज हाती लागते ती दक्षिणी फिल्टरसाठी दळलेली, बारीक, चिकोरी घातलेली असते. ती प्रेसमध्ये टाकली की दोन संकटे. एक, बारीक भुकटी जाळीतून वर येते आणि शेवटचे दोन घोट गाळ होऊन बसतात. दुसरे, दट्ट्या अर्ध्यावर अडतो. अशा वेळी जोर करू नये. काचेचे भांडे, आत तापलेले पाणी आणि वर माणसाचे वजन. उसळी आली तर मनगट भाजते. दांडा थोडा वर घ्यावा आणि पुन्हा हळू न्यावा.

चिकोरीबद्दल आपल्याकडे उगाच कुजबूज असते, जणू काही ती दुधातल्या पाण्यासारखी भेसळ आहे. ती एका रोपाची मुळी. वाळवून, भाजून, दळून घेतलेली. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांच्या व्यापाराची कोंडी केली तेव्हा युरोपात कॉफी दुर्मिळ झाली आणि चिकोरीला भाव आला, असे इतिहास सांगतो. आपल्या देशात ती गुजरातेत पिकते. ‘पोल्सन’ हे नाव जुन्या वाचकांना लोण्यामुळे आठवत असेल. पण पेस्तनजी एदलजी दलाल यांनी मुंबईत धंदा मांडला तो कॉफीचा, आणि त्या कॉफीतही चिकोरी असे. तिच्याने रंग गडद येतो, दाटपणा येतो, दुधाला ती धरून राहते. भेसळ तेव्हाच, जेव्हा पाकिटावर ती लिहिलेली नसते. फक्त तिची जागा फिल्टरमध्ये आहे, प्रेसमध्ये नाही.

फिल्टर म्हटल्यावर मला आमच्या घरच्या जुन्या पितळी फिल्टरपाशी यावे लागते. वडील कोशाची लुगडी घेऊन नागपूरला जात. तिथे रेल्वेत नोकरीला असलेले एक तमिळ कुटुंब त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. त्या घरच्या बाईंनी बदलीच्या वेळी हे भांडे वडिलांना दिले. दोन डबे, एकावर एक बसणारे. वरच्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोके. वरच्या डब्यात पूड घालायची, देठ असलेल्या चकतीने ती हलकेच दडपायची, कडकडीत पाणी ओतायचे, झाकण लावायचे आणि विसरून जायचे. अर्ध्या-पाऊण तासाने खालच्या डब्यात काळाभोर अर्क जमतो. रात्री ओतून ठेवले तर सकाळी तयार. तीन-चार भाग तापलेल्या दुधाला एक भाग अर्क.

भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध. तिथल्या भांड्यांच्या बाजारात मी आमचा फिल्टर दुरुस्तीला नेला तेव्हा तांबटांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो कल्हईचा. कॉफी किंचित आंबट असते. कल्हई उडालेल्या पितळेत ती तासन्‌तास ठेवणे बरे नव्हे. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. फिल्टरची भोके बुजली की पुष्कळ घरांत तो डबा सरळ आचेवर धरून आतला मळ जाळतात. स्टीलला ते चालते. कल्हईच्या पितळेला नाही, कारण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळते. चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा आणि भोके बारीक सुईने मोकळी करावीत. कल्हईवाला दारावरून ओरडत जाण्याचे दिवस गेले; ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी स्टीलचा फिल्टर घ्यावा. चवीत फरक पडतो असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पितळेचा पिवळा रंग पाहून कॉफी चांगली लागत असेल तर तोही एक फरकच.

पितळेवरून जर्मनीतल्या एका गृहिणीची आठवण येते. ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेंट्झ यांना कॉफीतला गाळ आणि कडवटपणा सहन होईना. १९०८ साली त्यांनी एक पितळी भांडे घेतले, खिळ्याने त्याच्या बुडाला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद फाडून त्यावर अंथरला, कागदावर पूड घातली आणि पाणी ओतले. खाली जी कॉफी उतरली ती स्वच्छ होती. त्याच साली त्यांनी या कल्पनेचे हक्क नोंदवले आणि डिसेंबरात ७३ फेनिग भांडवलावर कंपनी काढली. आज जगभर वापरले जाणारे कागदी शंकू आणि विजेवरची ठिबक यंत्रे ही सारी त्या टीपकागदाची संतती. विजेचे यंत्र मी मात्र आमच्याकडे सुचवणार नाही. सकाळी सहाला वीज असेल की नाही यावर कॉफी अवलंबून ठेवण्याइतका माझा स्वभाव श्रद्धाळू नाही. कागद, शंकू आणि पाण्याची किटली एवढ्यावर काम भागते.

इथवरचा वाद चवीचा. दुधाची कॉफी पिणाऱ्याने प्रेस घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रेसमधली कॉफी पिण्याइतक्याच तीव्रतेची उतरते. तिच्यात दूध घातले की ती ना कॉफी राहते ना दूध. फिल्टरचा अर्क मुळातच दाट, तो दुधाला पुरून उरतो. बिनदुधाची पिणाऱ्याला मात्र प्रेस देते ते दुसरे कुणी देत नाही : घोटाला वजन असते, जिभेवर काहीतरी रेशमी पसरते आणि वास पेला रिकामा झाल्यावरही राहतो. कागदाची कॉफी पारदर्शक, हलकी, जरा शहाण्या मुलासारखी.

ते रेशमी काय असते, हा प्रश्न पहिल्यांदा दादांनी विचारला. विणकराचा डोळा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रेसची जाळी काढून उजेडासमोर धरली, बोटाने ताणली आणि निकाल दिला, “फणी विरळ आहे. यातून काहीबाही येणारच.” नंतर पेल्यावर तरंगणारी तवंगाची बारीक नक्षी त्यांनीच मला दाखवली. ते कॉफीचे तेल. धातूच्या जाळीतून ते बिनदिक्कत पार होते, कागदात अडकते. चवीच्या बाजूने पाहता तोच प्रेसचा मोठा गुण. आमच्या घरात त्याच गुणापाशी अडचण सुरू झाली.

दादांना बिनदुधाची कॉफी आवडू लागली. साठी उलटलेला माणूस, सबंध आयुष्य चहावर काढलेला, तो दिवसाला पाच पेले कॉफी पिऊ लागला. सकाळचा पहिला पेला तर चुकवायचाच नाही. सात वाजता पुण्याहून पुतण्याचा फोन येतो, फोनच्या पडद्यावर तो दिसतो, त्याच्याही हातात तसलेच भांडे असते. दोघे एकाच वेळी दट्ट्या दाबतात. बोलणे फारसे होत नाही. दादा मागच्या खोलीत, दोन्ही पाय मागाच्या खड्ड्यात सोडून बसलेले. तो तिथे कुठल्याशा इमारतीच्या नवव्या मजल्यावर. “काय चालू आहे?” “काठ चालू आहे.” “तुझं?” “ऑफिस.” पेला संपला की फोन बंद होतो आणि धोटा सुरू होतो. मुलगा मागावर बसणार नाही हे दादांनी फार पूर्वी स्वीकारले आहे. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही, आणि या पेल्याची वेळ ठरल्यापासून ती होण्याचे कारणही उरले नाही.

उन्हाळ्यात दादांची रक्ततपासणी झाली. ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते मागच्या वर्षीपेक्षा बरेच वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेल-तुपाची चौकशी केली, तळलेले बंद केले. कॉफीबद्दल कुणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, आमच्या भागात दिवसाला पाच पेले बिनदुधाची कॉफी पिणारा विणकर डॉक्टरांना दुसरा कुठे भेटणार?

परंतु हा विषय अज्ञात नाही. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचे शहर आहे. तिथल्या हजारो लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले, आणि जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल जास्त, असे त्यांत दिसले. पुढे उलगडा झाला, की दोष सगळ्या कॉफीचा नाही. तिकडे भुकटी पाण्यात उकळून न गाळता पिण्याची जुनी चाल आहे. ती पिणाऱ्यांचा आकडा चढत होता, कागदातून गाळलेली पिणाऱ्यांचा तसा चढत नव्हता. १९९० च्या दशकात हॉलंडमधल्या संशोधकांनी त्यामागचे द्रव्य पक्के केले. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल अशी दोन द्रव्ये असतात, आणि त्यांतले कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवते. उकळलेल्या, तुर्की पद्धतीच्या आणि प्रेसच्या कॉफीत ते भरपूर, कागदी गाळणीच्या कॉफीत नाममात्र. विरघळणाऱ्या झटपट कॉफीतही अगदी थोडे. २०२० साली नॉर्वेतूनच पाच लाखांहून अधिक माणसांची, सरासरी वीस वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही गाळलेली कॉफी पिणारे न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा बरे निघाले. आपल्या दक्षिणी फिल्टरची जागा मधली समजावी. तळाशी दडपून बसलेला पुडीचा थर स्वतःच गाळणीचे काम करतो. तरी कागदाची सर त्याला नाही.

दिवसाला एखादा पेला पिणाऱ्या निरोगी माणसाने यावरून घाबरून भांडे फोडू नये. पण पाच पेले आणि आधीच वाढलेला आकडा, हे गणित वेगळे. दादांचा आकडा कॉफीनेच वाढला असे मी म्हणत नाही. वय आहे, घराण्याची देणगी आहे, दिवसभर बैठे काम आहे. म्हणून गोळी चालू ठेवायची, ती डॉक्टरांना विचारल्यावाचून कमी करायची नाही. कॉफीचा बंदोबस्त आपल्या हातात होता, तेवढा करायचा.

मी दादांना हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, धोटा एकदा इकडून तिकडे मारला आणि म्हणाले, “पोराने पाठवलेली वस्तू आहे.” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. कागदाचा शंकू आणून देतो, प्रेस कपाटात ठेवू, असे म्हणालो असतो तर सात वाजता त्या फोनच्या पडद्यासमोर त्यांच्या हातात काय असते?

तोडगा वहिनींनी काढला, आणि तो इतका सरळ होता की तो कुणा विद्वानाला सुचणे शक्यच नव्हते. प्रेस असू द्या, दाबायची ती दाबा. पेल्यात ओतताना मध्ये गाळणे धरा. त्यांनी आधी फडके धरले. फडक्याची कॉफी हा काही नवा शोध नव्हे. कापडाच्या पिशवीतून कॉफी गाळण्याची चाल जगात जुनी आहे, आणि दाट कापडात बरेचसे तेल अडते. कापड सुती घ्यावे, दाट विणीचे घ्यावे, आणि कोरे असेल तर आधी दोनदा उकळून घ्यावे. कारण विणताना ताण्याला खळ पाजलेली असते, ती गेल्याशिवाय कॉफीला भाताच्या पेजेचा वास येतो. आमच्या घरात एकाने कोशाचे फडके सुचवले. त्याच्याकडे दादांनी असे काही पाहिले की तो विषय तिथेच संपला.

फडक्याची अडचण एवढीच, की त्यात अडकलेले तेल दोन दिवसांत खवट होते. रोज साबणाशिवाय धुऊन, उकळून, उन्हात वाळवायला हवे. श्रावणात ऊन कुठले? म्हणून शेवटी कागद आले. एक लहानसा शंकू पेल्यावर ठेवायचा, कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी टाकायचे, म्हणजे कागदाचा वास उतरत नाही, आणि प्रेसची दाबलेली कॉफी त्यातून हळूहळू ओतायची. गाळ फार असेल तर कागद तुंबतो; म्हणून दाबल्यावर मिनिटभर भांडे स्थिर ठेवून वरवरची ओतावी, तळाशी अर्धी वाटी राहू द्यावी. ही सरमिसळ ऐकून शहरातले जाणकार नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. प्रेसने द्यायचे ते कागदाने काढून घ्यायचे, मग प्रेस हवी कशाला? प्रश्न तर्काला धरून आहे.

चव बदलली. रेशमी गेले. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, “बाणा काढून नुसता ताणा ठेवल्यासारखं लागते.” सवय होण्याला तीन आठवडे लागले. पाचाचे तीन पेले झाले, त्यालाही कागद कारण असावा. इतकी उस्तवार दिवसातून पाच वेळा कोण करतो? पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे.

आता मंडईचे दिवस येतील. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी-जावई येतात, हलके धान कापून झालेले असते, आणि रात्री दंडार नाहीतर नाटक, ते उजाडेपर्यंत. वीस-पंचवीस माणसांच्या घरात तीन पेल्यांच्या काचेच्या भांड्याला कोण विचारतो? त्या रात्रीसाठी पितळी फिल्टर दुपारीच भरला जाईल, शेजारचा स्टीलचा उसना आणला जाईल, दोन्हींतला अर्क एका गंजात जमा होईल आणि नाटकाच्या मध्यंतरात दूध तापवून सगळ्यांना मिळेल. दक्षिणी फिल्टरची खरी थोरवी अशा वेळी कळते. माणसे वाढली तरी त्याला घाई होत नाही. ज्यांना अर्क कडू लागेल त्यांच्यासाठी वहिनींचे पातेले आहेच, जायफळ किसलेले. मागच्या वर्षी तेच सर्वांत आधी संपले होते.

दादा नाटक पाहून पहाटे परततील आणि सातला मागच्या खोलीत जाऊन बसतील. यंदा पडद्याची गरज पडणार नाही, पुतण्या मंडईला घरीच येतो आहे. कागद मात्र संपत आले आहेत. येताना शंभरांचा एक गठ्ठा घेऊन ये, असे मी त्याला कळवले आहे. कशासाठी, ते अजून सांगितलेले नाही.